दारासमोरचा खड्डा

शिवणवाल्या मावशींचं घर तळमजल्यावर, थेट रस्त्याला लागून. नवरा गेला, लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली आणि तयार कपड्यांच्या दुकानांनी गिऱ्हाईकही पळवलं. उरलं ते कधीमधी पॅन्टची उंची कमी करणं, उसवलेलं शिवून देणं. दिवसदिवस तोंड उघडायची वेळ येत नसे. घर खायला उठायचं.

पाण्याच्या पाइपासाठी कुणीतरी रस्ता खोदला आणि वरवर माती लोटून निघून गेलं. माती खचली, मावशींच्या दारासमोर हा भला मोठा खड्डा पडला. गाड्या आदळू लागल्या. मावशी खिडकीतून ओरडायच्या, "डावीकडून घ्या हो!" कुणी पडलंच तर पाण्याचा तांब्या घेऊन धावायच्या. पडलेला माणूस पायरीवर टेकायचा, खोदणाऱ्यांचा उद्धार करायचा, घरच्या चार गोष्टी बोलायचा. खोटं कशाला सांगा, मावशींना ते बरं वाटायचं.

मग एकदा पार्सलवाला पडला. पाणी पुढे केलं तर म्हणाला, "मावशी, हात उचलत नाहीये."

रिक्षा करून मावशीच त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. खांद्याचं हाड मोडलं होतं.

"तुम्ही आई का याच्या?" नर्सने विचारलं.

"नाही हो. खड्डा माझ्या दारासमोरचा आहे."

त्या दिवसापासून मावशींनी फोन लावायला सुरुवात केली. एक खातं म्हणायचं, रस्ता आमचा नाही. दुसरं म्हणायचं, पाइप आमचा नाही. पुढे तर रस्ते खात्यातून उत्तर आलं, "खड्डा बुजवलाय, तक्रार बंद केली."

"अहो, मी आत्ता बघतेय ना त्याच्याकडे!" मावशी म्हणाल्या. तोवर फोन कट.

शेवटी त्या रस्ते खात्याच्या कचेरीत जाऊन इंजिनिअरच्या दारासमोरच्या बाकावर बसल्या. साहेब मीटिंगमध्ये, साहेब साइटवर, साहेब जेवायला. मावशी रोज येऊन बसायच्या.

शिपाई कंटाळून म्हणाला, "मावशी, जा आता. घरी वाट बघत असतील."

"कुणी नाही बघत. बसते मी."

त्यावर शिपाई उठला. दार लोटून तो आत गेला आणि साहेबांना बाहेर घेऊनच आला.

खडी आली, डांबर आलं, रोलर फिरला. कामगारांनी प्यायला पाणी मागितलं, मावशींनी पुन्हा पुन्हा हंडा भरून दिला. आणि सगळं आवरून ते गेले.

आता गाड्या सुळकन जायच्या. कुणाला थांबायचं कारणच उरलं नाही.

लेकीचा फोन आला. "झाला ना रस्ता? आता तरी स्वस्थ बस."

"बसलेय की," मावशी म्हणाल्या.

खांदा बरा झाल्यावर पार्सलवाला एकदा थांबला. गाडीवरूनच रस्ता न्याहाळत म्हणाला, "कुठे पडलो होतो हो मी नक्की? ओळखूच येत नाही!"

मावशी बाहेर आल्या आणि चपलेच्या टोकाने जागा दाखवली. "या, पाणी तरी घ्या."

"पुढच्या वेळी नक्की, मावशी. फार घाई आहे आज."

तो गेला. मावशी त्या गुळगुळीत डांबरावर तशाच उभ्या राहिल्या. मागून हॉर्न वाजला, तेव्हा बाजूला झाल्या.