फाटकापाशी पहिली

राग कसा सांभाळावा हे पाववालीकडून शिकावं. तुमच्या-आमच्या रागाचं काय असतं, सकाळी येतो, दुपारी जेवून जरा आडवं झालं की निम्मा उतरतो आणि संध्याकाळी चहाच्या वेळी आपण त्याच माणसापुढे बिस्किटाची बशी सरकवतो. पाववालीचं तसं नाही. ती राग खमिरासारखा जपते. झाकून ठेवायचा, उबेला ठेवायचा, आणि रोज चिमूटभर पीठ घालून जिवंत ठेवायचा. पिठाच्या व्यापाऱ्याने ती नवी नवरी असताना तिला एकदा “ओ काकू” अशी हाक मारली होती. त्याला आता इतकी वर्षं झाली, की ती खरोखरच काकू दिसायला लागली आहे. पण व्यापारी दारात आला की ती अजूनही “या आजोबा” म्हणते. तो तिच्याहून लहान आहे.

एरवी बाई लाखात एक. पुढे दुकान, मागे भट्टी आणि वर दोन खोल्या, एवढाच तिचा मुलूख. दंड पैलवानासारखे, कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, आणि आवाज भट्टीचं दार उघडल्यासारखा गरम. नवरा सायकलवरून घरोघरी पाव पोचवतो. गल्ल्यावर नणंद बसते. ती तोंडाने भट्टीहून कडक आहे, म्हणून गिऱ्हाईक सुटे पैसे घरूनच आणतं.

या घरात दोन धर्म नांदतात. लग्नाच्या वेळी दोन्हीकडच्यांनी तोंडं फिरवली, ती हळूहळू पावाच्या वासाने परत वळली. नवरा एका कोपऱ्यात हात जोडतो, ती दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मध्ये पिठाची पोती रचलेली असल्यामुळे सीमावाद कधी झाला नाही. लेक मोठी होऊ लागली तेव्हा तिला विचारलं, “तुझं काय गं?” ती म्हणाली, “माझं अजून ठरायचंय.”

“ठरायचंय?” नणंद म्हणाली. “पडद्याचं कापड आहे का ते?”

पण आईबाप दोघेही “बरं” म्हणाले. आपापल्या घरच्यांशी भांडून लग्न केलेल्या माणसांना दुसरं काही म्हणण्याची सोय नसते.

लेक जायची सरकारी शाळेत. त्या शाळेवर तेव्हा दोन पक्षांची तोंडं सुटली होती. एक म्हणे, शाळेत प्रार्थना पाहिजे, संस्कार पाहिजेत, पोरं बिघडली. दुसरा म्हणे, धर्म घरात ठेवा, शाळेत गणित शिकवा. पहिल्या पक्षाचे पुढारी होते आमच्या भागाचे नगरसेवक. त्यांना सगळे पहाटसाहेब म्हणत, कारण प्रत्येक भाषणात ते एकदा तरी सांगत, की मी सूर्याच्या आधी उठतो. सूर्याला याचं काही वाटत असावं असं दिसत नाही, पण टाळ्या पडत. आता त्यांना नगरसेवकाच्या वरची खुर्ची हवी होती आणि निवडणूक जवळ आली होती. त्यांचा नातू याच शाळेत होता, म्हणजे ते पालकही होते.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोन पक्षांच्या मध्ये सापडून वाळून गेल्या होत्या. त्यांनी पालकसभेत तोड काढली. वर्ग भरण्याआधी सभागृहात दहा मिनिटं. त्यात कुणाही एका पालकाने येऊन आपल्या समजुतीप्रमाणे मुलांना चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात. कुणी म्हणालं, पाळ्या लावा. पहाटसाहेब हसले. “पाळ्या कशाला? ज्याच्या मनात खरी श्रद्धा आहे तो पहाटे उठतोच. जो फाटकापाशी पहिला येईल, त्याने बोलावं. आणि बाकीच्यांनी वक्त्याकडे आदराने बघत ऐकावं.” त्यांची चालही तशीच होती. बाकीचे पालक दूध तापवत बसणार आणि हे रोज पहिले. नियम झाला. या भागात एक बाई अशी आहे, की जिच्यापुढे सूर्य आणि पहाटसाहेब दोघेही उशिरा उठणाऱ्यांत जमा, हे त्या सभेत एकालाही आठवलं नाही. तिलाही नाही. ती मागच्या बाकावर डुलक्या घेत होती.

मग रोज पहाटसाहेबांची प्रार्थना सुरू झाली. त्यांच्याच धर्माची, अर्थात. मुलं डोळे मिटून हात जोडत. लेक हात खाली सोडून नीट उभी राही, कुणाला त्रास नाही, काही नाही. एके दिवशी पहाटसाहेब मधेच थांबले आणि बोट दाखवून म्हणाले, “ती मुलगी. डोळे उघडे ठेवून बघतेय. बाहेर हो.”

ती बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसली. एवढ्यावर भागतं तर पाववालीने शिव्या देऊन विषय मिटवला असता. पण त्याच आठवड्यात चौकातल्या सभेत पहाटसाहेब म्हणाले, “आमच्या शाळेत एक मूल असं आहे, ज्याला देव नाही, संस्कार नाहीत. कसे असतील? आईला भट्टीपुढून वेळ कुठे आहे?” भागात भट्टी एकच. लोकांनी वळून दुकानाकडे पाहिलं. पाववाली तेव्हा पाटीतले पाव लावत होती. तिने हातातला पाव खाली ठेवला, आणि तो जरा जास्तच दाबला गेला.

दुकान बंद करून वर गेल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, “डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्याला माझ्या पोरीचे उघडे डोळे दिसले कसे?”

तेव्हापासून लेक आपण होऊन पायरीवर बसू लागली. सभागृहातली दहा मिनिटं संपेपर्यंत बाहेर, मग वर्गात. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं, पुसता आलं असतं. आधी रांगेत उभी राहून शेजारणीला हसवणारी पोर, आता घरीही विचारल्याशिवाय बोलेना.

“आत का जात नाहीस?” पाववालीने विचारलं.

“त्यांनी आत ये म्हटलं नाही ना अजून.”

“मोठ्या बाईंनी म्हटलं की.”

“त्यांनी कुठे बाहेर काढलं होतं?”

पोर आईवर गेली होती. पाववालीने त्या रात्री पीठ असं मळलं, की वर नणंदेला वाटलं खाली कुणी कपाट हलवतंय. ठरलं. हाच माणूस, त्याच सभागृहात, त्याच पोरांसमोर माझ्या लेकीला आत बोलावील. त्याआधी त्याला सुखाने झोपू द्यायचं नाही. हा शेवटचा भाग ती बोलण्याच्या ओघात म्हणाली होती, पण नवरा म्हणाला, “अगं, ते तर तुला सहज जमेल.” आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटसाहेब अंधुक उजेडात, अंगावर शाल घेऊन, नेहमीच्या रुबाबात फाटकापाशी आले, तर तिथे स्टूल टाकून पाववाली बसलेली. मांडीवर गरम पावाची पिशवी.

“आपण?” ते म्हणाले.

“पहिली,” ती म्हणाली. “पाव घ्या. उशीर झाला की भूक लागते.”

सभागृहात उभी राहिल्यावर मात्र ती आधी पदराला हात पुसत राहिली. जन्मात भाषण केलेलं नव्हतं. समोर दीडदोनशे पोरं, आणि सगळ्यांच्या मागे नियमाप्रमाणे आदराने बघत उभे असलेले पहाटसाहेब. तिने शेवटी सरळ विचारलं, “काय ऐकायचंय तुम्हाला?”

एकाने विचारलं, हे डाग कशाचे? तिने बाही वर करून प्रत्येक डागाची हकिगत सांगितली. पोरं पुढे सरकली. एकीने विचारलं, “तुमचा देव कोणता?”

“आमच्या घरी दोन आहेत,” पाववाली म्हणाली, “आणि तिसऱ्याचा विचार चालू आहे.”

सभागृह हसलं. मोठ्या बाईंनी रुमाल तोंडाशी नेला. सगळा वेळ पाववाली बोलत होती पोरांशी, पण डोळे रोखले होते पहाटसाहेबांवर. त्यांना मान वळवायची सोय नव्हती, आदराने बघायचा नियम त्यांचाच होता. बोलणं संपल्यावर ती त्यांच्याजवळून जाताना हळूच म्हणाली, “बाहेर पायरीवर एक मुलगी बसलीय. तिला आत बोलवा, म्हणजे मी उद्या येत नाही.”

“मी असल्या दबावाला भीक घालत नाही,” पहाटसाहेब म्हणाले.

“उद्या भेटू,” पाववाली म्हणाली. तिला इतका आनंद झाला होता, की त्यांनी लगेच ऐकलं असतं तर तिची निराशाच झाली असती.

मग जे सुरू झालं त्याला शर्यत म्हणणं पहाटसाहेबांवर अन्याय होईल, कारण शर्यतीत दुसऱ्यालाही आशा असते. ते लवकर आले, ती त्यांच्या आधी. ते आणखी लवकर आले, तर ती स्टुलावर बसून वाटाणे सोलत होती. त्यांनी कार्यकर्ता पाठवला, मोठ्या बाईंनी विचारलं, “तुमचं मूल कितवीत?” तो अविवाहित निघाला. शेवटी पहाटसाहेब गाडी फाटकाला लावून आतच झोपले. पाववालीने स्टूल गाडी आणि फाटकाच्या मधे ठेवलं आणि काचेवर टकटक करून विचारलं, “पाय दुमडून झोप लागते का हो?”

इकडे भट्टी नवऱ्याच्या हाती. तो माणूस सोन्यासारखा, पण त्याचे पाव विटेसारखे. नणंद गिऱ्हाइकांना सांगे, “चालवून घ्या. सध्या आमच्याकडे सूड चालू आहे.” आणि गंमत म्हणजे लोक चालवून घेत. अख्ख्या भागाला एकच प्रश्न असे: आज कोण पहिलं?

दुसऱ्या पक्षाचे लोकही आले, हार घेऊन. म्हणाले, “ताई, तुम्ही आमच्या मंचावर या. धर्म घरात ठेवावा, हेच आमचं म्हणणं.”

“घरात जागा कुठे आहे? पोती आहेत,” पाववाली म्हणाली. “आणि तुम्ही माझ्या पोरीला विचारलंत का कशी आहे म्हणून? मंचावर या म्हणे. पाव घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर दार सोडा, उजेड अडतोय.”

रात्री नवरा म्हणाला, “अगं, आता पुरे. सोडून दे.”

“सोडते. आधी नीट चावू तर दे.”

निवडणुकीची मोठी सभा झाली. मागे पाटी होती, ‘जागे व्हा!’ पाटीखालच्या खुर्चीवर पहाटसाहेब. त्यांच्या आधीचा वक्ता लांबला, आणि इतक्या दिवसांची झोप अशी काही दाटून आली, की साहेबांची मान डाव्या खांद्यावर टेकली आणि पुढ्यातल्या ध्वनिक्षेपकातून घोरण्याचा खोल, धार्मिक आवाज मैदानभर घुमू लागला. मग मागून कुणीतरी ओरडलं, “साहेब, सूर्य आला!”

दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकानात कुणी नसताना, पहाटसाहेब एकटेच आले.

“या, बसा,” नणंद म्हणाली. “झोप झाली का?”

पाववाली हात धुऊन, पुसून बाहेर आली.

“झालं गेलं विसरून जाऊ,” साहेब म्हणाले.

“तुमचं झालं, तुमचं गेलं. माझं अजून इथेच आहे.”

“बरं. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर...”

“‘असतील तर’ काढा.”

“अनवधानाने...”

“बोट दाखवून काढलंत तिला. बोट अनवधानाने उठतं का?”

“आम्ही दिलगीर आहोत.”

पाववालीने त्यांच्या मागे दारापर्यंत पाहिलं. “आम्ही म्हणजे कोण? बाकीचे कुठे आहेत?”

साहेबांनी घाम पुसला. भट्टी जवळ होतीच. “मी,” ते म्हणाले. “मी दिलगीर आहे.”

“सोप्या शब्दांत. ती लहान आहे.”

“माझं चुकलं.” हे शब्द बाहेर यायला इतका वेळ लागला, की नणंदेने तेवढ्यात गल्ला मोजून घेतला.

“छान,” पाववाली म्हणाली. “हा झाला सराव. खरं उद्या, सभागृहात.”

“आणि मग तुम्ही फाटक सोडाल?”

“आधी तुम्ही बोला. मला ऐकायला तर येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी ती फाटकापाशी पहिलीच होती. तिने आपली दहा मिनिटं साहेबांना दिली आणि स्वतः भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली. साहेबांनी घसा साफ केला. सुरुवात ‘बालमित्रांनो, आपल्या थोर परंपरेत’ अशी केली, तेव्हा पाववाली नुसती खाकरली. साहेब परंपरेतून उतरले. म्हणाले, “मी एका मुलीला बाहेर काढलं. आणि तिच्याबद्दल, तिच्या आईबद्दल सभेत वाईट बोललो. माझं चुकलं.” मग दाराकडे वळून, आवाज जरा फाटल्यासारखा, “आत ये, बाळ.”

दारात लेक उभी राहिली. तिने साहेबांकडे बराच वेळ पाहिलं, उघड्या डोळ्यांनी. मग आत येऊन आपल्या रांगेतल्या जागेवर गेली. शेजारच्या मुलीने तिच्या कानात काहीतरी विचारलं. तिने काहीतरी उत्तर दिलं, आणि ती मुलगी एवढ्या जोरात हसली, की बाईंना “शूऽऽ” करावं लागलं. पाववालीने मान फिरवून खिडकीकडे पाहिलं आणि नाक पुसलं.

मोठ्या बाई हे सगळं संपण्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी लगेच जाहीर केलं, की उद्यापासून ही दहा मिनिटं बंद, त्या वेळात पाढे होतील. पोरांनी उसासा टाकला. मग बाई प्रसन्न होऊन म्हणाल्या, “चला, गोड झालं. आता हात मिळवा पाहू दोघं.”

पहाटसाहेब पुढे झाले. फोटो काढायला त्यांचा कार्यकर्ता होताच. त्यांनी निवडणुकीतलं हसू चेहऱ्यावर आणून हात पुढे केला.

“नको,” पाववाली म्हणाली. “माझे हात पिठाचे आहेत.”

तिचे स्वच्छ धुतलेले, कोरडे हात सगळ्या सभागृहाला दिसत होते. ती ते पाठीमागे घेऊन तशीच उभी राहिली, आणि साहेबांचा हात पुढेच राहिला.