भीमामामाचा देव

तानाबाई मूळची सांगोल्याकडची. नवरा गेल्यावर तिनं मेंढरं विकली आणि दोन लेकरं घेऊन सोलापूर गाठलं. एमआयडीसीत टॉवेल शिवता शिवता कंबर गेली, पण ऋतुजाला आणि सिद्धरामला तिनं शिकवलं. बाई तोंडाची फटकळ, मालकालाही ऐकवायची. माहेरच्या कुणी थोरल्या भावाचा विषय काढला की मात्र मूग गिळून बसायची.

हा भाऊ, भीमा, विशीत एकटाच बडबडायला लागला होता. घरच्यांनी कपाळाला भंडारा फासला, देव अंगात आला म्हणाले. झालं! लोक पाया पडायचे, चिलीम पुढं करायचे. एके दिवशी त्यानं विहीर जवळ केली. देवानं नेलं, असं सगळ्यांनी ठरवलं. तानाबाईनं तर पोरांना मामा होता हेही सांगितलं नाही. कळलं तर लेकीला करून कोण घेणार?

सिद्धराम सोळाव्या वर्षापासून कारखान्यामागं पोरांत बसून गांजा ओढायचा. तिला वास यायचा. वय हाय, सुटंल, म्हणत राहिली. अठराव्या वर्षी तो म्हणाला, "आये, यंत्रमागातनं कुणीतरी मला शिव्या देतंय."

हे भीमाचंच दुखणं. तिनं बरोबर ओळखलं. आणि केलं काय? भंडाऱ्याची पुडी काढून त्याच्या कपाळाला फासली! सहा महिने त्यातच घालवले बाईनं. जेवणात विष हाय म्हणून पोरानं ताट भिरकावलं, तेव्हा कुठं शेजारच्या नागव्वानं दोघांना दवाखान्यात नेलं.

"घराण्यात आणखी कुणाला असा त्रास होता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाय," तानाबाई फाडकन म्हणाली. ऋतुजाची सोयरीक ठरत आली होती. "सगळा गांज्याचा खेळ हाय."

"गांजा ओढणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही, मावशी. पण आजार घराण्यात असेल तर कोवळ्या वयात त्याचा धोका जास्त. खरं सांगा, पुढचे उपचार ठरवायचेत."

तानाबाईनं पोराकडं बघितलं. सोयरीक मोडली तर मोडू दे, माझं लेकरू वाचू दे, असं तिच्या मनानं घेतलं आणि ती रडत रडत भीमाचं सगळं बोलून गेली. विहिरीसकट.

भिंतीकडं बघत बसलेला सिद्धराम वळला.

"मामाला बी आवाज यायचं?"

"व्हय रं बाळा."

"मग मला आदी का न्हाय सांगितलंस? मी गांज्याला हात बी लावला नसता की, आये."