मलकापूर बोलंना

आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारावं लागत नाही, आपोआप कळतं. आकारामच्या घरचं तर तीन गल्ल्यांना कळतं. मी त्याचा शेजारी, गणिताचा निवृत्त मास्तर. आमच्या दोन घरांत मिळून एकच भिंत आहे आणि तीस वर्षांत त्या भिंतीनं मला काडीचंही संरक्षण दिलेलं नाही.

'आकाराम साउंड सर्व्हिस' म्हणजे तो एकटाच. कर्ण्यांच्या जमान्यापासून त्यानं कुस्त्यांची मैदानं केली, जयंतीची व्याख्यानं केली, लग्नं केली, बारशी केली. बोलणारा कितीही रटाळ असो, त्याचा शब्दन् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, हा या माणसाचा खरा गुन्हा. त्याची पद्धत ठरलेली होती. सगळी जोडणी झाली की मांडवाच्या पार टोकाला जाऊन बसायचं, डोळे मिटायचे, नुसतं ऐकायचं. मग उठून मिक्सरवरचं एखादं बटण केसभर फिरवायचं आणि पानाला चुना लावायला घ्यायचा. "मशीन कुणाचं बी आना, कान आकारामचा पायजे," असं कोडोलीपासून गारगोटीपर्यंत लोक म्हणायचे. हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं होतं, त्यामुळे निम्मं सोडून देत होतो. पण एकदा त्याच्याबरोबर एका मैदानावर गेलो आणि लोक खरंच तसं म्हणताना ऐकलं. त्या दिवसापासून मी फार बोलत नाही.

आता तो अडुसष्टचा आहे. बरंचसं सामान काढून टाकलंय. वर्षाला चार-पाच कामं घेतो आणि त्यांचा रुबाब त्याला वर्षभर पुरतो.

त्याची मुलगी संघप्रिया पुण्याला नोकरी करते. ती घरी आली की टीव्हीच्या दणक्यानं तिचं डोकं धरायचं. चांगल्या स्पीकरवर बाबा जरा हळू आवाजात ऐकतील, असं मनाशी ठरवून तिनं गेल्या महिन्यात एक संचच पाठवून दिला. पाच स्पीकर, एक भला मोठा वूफर, आणि सगळं बिनतारी. बारा बाय दहाची खोली. नाकापेक्षा मोती जड!

खोकी उघडली त्या सकाळी मी पेपर वाचत होतो. वाचत होतो म्हणजे प्रयत्न करत होतो.

"वायरलेस म्हनं!" भिंतीपलीकडून गर्जना झाली. "वायरलेस म्हनायचं आनि सा पिना द्यायच्या? अगं ए, बघ की हे! एकेकाला सोताची पिन हाय!"

"मग करंट काय वाऱ्यावर येनार हाय व्हय?" त्याची बायको आक्काताई म्हणाली. ती बोलते कमी, पण बोलली की विषय संपतो.

खोलीत पिना लावायच्या जागा दोनच. त्यामुळे तारा नकोत म्हणून आलेल्या या वस्तूसाठी आकारामनं दुपारपर्यंत घरभर तारा पसरल्या. चार एक्स्टेंशन बोर्ड, वर दोन माझ्याकडून. ते अजून परत आलेले नाहीत.

मग वायफाय. मग फोनवरचं ॲप. ॲपनं विचारलं, प्रत्येक स्पीकरला नाव द्या. दुसऱ्या कुणी 'पुढचा डावा', 'मागचा उजवा' असं लिहिलं असतं. आकारामनं आपली गावं काढली. टीव्हीखालचा मधला कोल्हापूर, पुढचा उजवा बिद्री, पुढचा डावा कोडोली, मागचा उजवा गारगोटी. आणि मागचा डावा, सगळ्यात लांब दाराजवळच्या कोपऱ्यातला, तो मलकापूर. संध्याकाळपर्यंत फोनमधली बाई तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत एकेक गाव जोडत होती आणि हा प्रत्येक गावाला "आलं! आलं!" करत होता. खोटं कशाला सांगू, मलाही मजा वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिनसलं.

ॲपमध्ये एक तपासणी असते. एकेका स्पीकरमधून पाळीपाळीनं बारीक टिंग असा आवाज येतो. खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून, टीव्हीकडं तोंड करून आकाराम डोळे मिटून बसला आणि थोड्याच वेळात ओरडला, "मलकापूर बोलंना! मलकापूरचं बी गारगोटीच बोलालंय!"

म्हणजे आवाज दोन होत होते, पण दोन्ही उजव्या कोपऱ्यातून. कोडोलीही त्याला बिद्रीकडं सरकलेली वाटत होती, पण दोन्ही टीव्हीला लागून, म्हणून तिकडं त्यानं लक्ष दिलं नाही. आता असल्या बिघाडाला घाबरणारा हा गडी नव्हे. त्याचा जन्म यातच गेला. त्याचा एक नियम आहे, तो त्यानं मला शंभरदा तरी ऐकवलाय: "गुरुजी, एकेक वस्तू जाग्यावरनं हलवायची. ज्येला हलवल्यावर फॉल्ट हलतो, फॉल्ट त्यात." त्यानं मलकापूर आणि गारगोटीच्या पेट्यांची अदलाबदल केली. फॉल्ट हलला नाही. पिना बदलल्या. नाही. बोर्ड बदलले, फोन बदलला, वायफायचा डबा फ्रीजवरून कपाटावर ठेवला. नाहीच. दुकानाचा माणूस येऊन पेटी बदलून गेला, तरी नवं मलकापूरसुद्धा मुकंच.

"कंपनीनंच डोकं उलटं बसवलंय ह्याचं," आकारामनं निकाल दिला. "आनि ह्यास्नी कळंना झालंय."

त्याचा जीव खालीवर होत होता त्याला कारण होतं. येत्या रविवारी कोडोलीला त्याच्या जुन्या दोस्ताच्या, सयाजीच्या मुलीचं लग्न होतं आणि आवाजाचं काम आकारामकडं होतं. बाराशे माणसांचा मांडव लावणाऱ्या माणसाला घरातली एक खोली लावता येईना, हे त्याच्या मनाला लागलं होतं. जेवताना चिडचिड, चहा थंड. गुरुवारी दुकानातून दुसरी कारागीर येणार म्हटल्यावर त्यानं मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं.

पूर्णिमा आली. पंचविशीची पोरगी, हेल्मेट काढलं, पिशवी ठेवली आणि कशालाही हात न लावता म्हणाली, "काका, बसा खुर्चीत. मी वाजवते, तुम्ही फक्त गाव सांगा."

टिंग. "बिद्री." टिंग. "कोल्लापूर." टिंग. "कोडोली, बिद्रीकडं सरकल्यागत." टिंग. "गारगोटी." टिंग. "हे बी गारगोटीच! ऐकलंसा न्हवं, गुरुजी?"

ऐकलं होतं. शेवटचा टिंग माझ्या डाव्या खांद्यामागून, दाराजवळच्या कोपऱ्यातून, स्वच्छ आला होता. मी तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारात आक्काताई उभी होती. तिनं माझ्याकडं बघून नुसती 'नको' अशी मान हलवली. मी तोंड मिटलं.

पूर्णिमानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "काका, आता खुर्ची फिरवा. टीव्हीकडं पाठ करून बसा."

तो बसला. टिंग.

"मलकापूर!" आकाराम खुर्चीतून अर्धा उठला. "बोललं! बगा, आता कसं बोललं बेनं! काय केलंस गं पोरी?"

"काही नाही केलं काका. अजून एक ऐका."

टिंग. आता हा गारगोटीचा होता.

"हे बी मलकाप..." तो थांबला.

त्याला समजावून सांगायची गरजच नव्हती. फॉल्ट हलला होता. आणि खोलीत जागचं काय हललं होतं, तर एकटा आकाराम.

त्यानं उजव्या कानावर तळवा गच्च दाबून धरला. "आता वाजीव."

पूर्णिमानं फोनवर बोट ठेवलं. टिंग, टिंग, टिंग.

"वाजीव की."

"वाजतंय काका," ती म्हणाली. मग त्यानं हात काढल्यावर तेच तिला पुन्हा सांगावं लागलं.

मला वाईट वाटलं. तीस वर्षं मी त्याच्या आवाजावर चरफडलो, पण त्याच्या कानाचा मला अभिमान होता, हे त्या क्षणी कळलं. पूर्णिमा बिचारी घाईघाईनं म्हणाली, "काका, ॲपमधून डावीकडचा आवाज तुमच्यापुरता वाढवून देते. बरोबर वाटेल तुम्हाला."

"नगं," आकाराम म्हणाला. "माझ्यापुरता सरळ केलास तर बाकीच्यास्नी वाकडा ऐकू यील. मशीन बराबर हाय. ऱ्हाऊ दे तसंच."

तिला चहा पाजून, हात जोडून त्यानं वाटेला लावलं. मग फोन घेऊन बसला. "सयाजीला सांगतो, दुसरा कोन तरी बघ म्हनून. फुटक्या कानानं लगीन लावायचं न्हाय आपल्याला."

आक्काताईनं पुढं होऊन त्याच्या हातातला फोन काढून घेतला.

"काय नगं सांगायला. मी येतो संगं," ती म्हणाली.

"तू येऊन काय करनार?"

"ऐकनार. माझं दोनी कान हायत की शाबूत."

आकाराम तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत होतं. "तुला ठावं हुतं?"

"दोन वर्सं झाली."

"दोन वर्सं!" आता त्याचा मूळचा आवाज परत आला. भिंतीपलीकडं माझ्या घरातली भांडी वाजली असतील. "दोन वर्सं ठावं हाय आनि सांगायला काय झालंतं तुला?"

"सांगितलं की!" आक्काताई म्हणाली. "धाबारा येळा सांगितलं. पर तुमी कायम डाव्या अंगाला बसवून घेता मला."

आधी मी हसलो. मला आवरलंच नाही. मग ती हसली, आणि शेवटी तो हसला, डोळ्यांतलं पाणी पुसत, "आयला, डाव्या अंगाला!" असं म्हणत. त्या हसण्यात थोडं रडू होतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

शुक्रवारी मी त्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सांगितलं, हा कान गेला तो कर्ण्यांशेजारी बसून बसून गेला, आता यंत्र बसवू, पण पहिल्यासारखं होणार नाही. आकाराम म्हणाला, "एवडी वर्सं चालला, लई झालं." पण परत येताना गाडीवर मागं बसून तो सारखा डावा कान चाचपत होता.

रविवारी कोडोलीला मीही गेलो. मांडव भरला होता. आकाराम मिक्सरपाशी उभा, आणि पार शेवटच्या रांगेत, म्हाताऱ्याकोताऱ्या बायकांमध्ये, आक्काताई डोळे मिटून बसलेली. तिचा हात वर गेला की हा आवाज वाढवायचा, तळवा खाली आला की कमी करायचा. पहिल्या पाच मिनिटांत चार वेळा हात हलला. मग हलायचा थांबला. शेवटच्या रांगेतल्या एका आजीला मी मोठ्यानं विचारलं, ऐकू येतंय का? ती म्हणाली, "येतंय की बाबा. वराडता कशापाई?"

जेवणाच्या पंगती सुरू झाल्या तेव्हा मुलाकडचा एक फेटेवाला मिक्सरपाशी आला. "पावणं, आवाज लई झ्याक लावलाय बगा. कान तयार हाय तुमचा!"

"व्हय" म्हणून गप्प बसता आलं असतं. मी शेजारीच उभा होतो, आणि मी काही बोललो नसतो. आकारामनं त्या माणसाकडं पाहिलं, हातातल्या पानाकडं पाहिलं, आणि माईक उचलून चालू केला.

"मंडळी, दोन शब्द बोलतो. माझा डावा कान गेलाय. आजचा आवाज माझ्या मंडळींनी, आक्काताईनं लावलाय. ती तितं मागं बसलीया."

बाराशे माणसांनी माना वळवून मागं पाहिलं. लाजून लाल झालेल्या आक्काताईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि तळवा खाली दाबून खूण केली, कमी करा.

आकारामनं लगेच कमी केला.