जहाजात जागा नव्हती म्हणे

कामरगावहून कारंज्याला मी रोज त्याच्याच जीपने जातो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. गाडी भरल्याशिवाय तो हलत नाही आणि बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही. सध्या विषय एकच. ग्रहाताऱ्यांवरच्या लढायांचा एक सिनेमा त्यानं मोबाइलवर हिंदीत पाहिला, आणि त्याचा दुसरा भाग त्याच्या डोक्यात गेलाय.

"पयल्या भागात ज्या बुढीनं हिरोले घरात लपवलं, तिलेच जळत्या ग्रहावर सोडून गेला! म्हणते, जहाजात जागा नाही. अन् मांगं जहाजातला अख्खा हॉल रिकामा दिसून राह्यला!" एवढं बोलून तो असा हॉर्न दाबतो, जणू हिरोच समोर आडवा आलाय.

आम्ही रोजचे प्रवासी त्याला कथा सुधारून देतो. कोणी म्हणतं, हिरोनं अर्ध्या वाटेतून परतावं.

"परतते कायले? पयलेच घ्याचं न तिले!"

परवा फाट्यावर एका आजीनं हात केला. गाडी खच्चून भरलेली. त्याच्या शेजारी ऐसपैस बसलेले एक साहेब ओरडले, "जागा नाही, चला!"

त्यानं ब्रेक मारला. साहेब तसूभरही सरकेनात. मग त्यानं आजीला स्वतःच्या सीटवर बसवलं आणि अर्धा दाराबाहेर लटकत स्टिअरिंग धरलं. असं गाडी चालवणं मला मुळीच पटत नाही. पण त्या सकाळी चीड आली ती साहेबांची.

गिअर टाकता टाकता त्यानं विचारलं, "साहेब, तो दुसरा भाग तुमीच लिवला काय?"