शिवरातीचा चौकटी तवा

हे मी लिहिणारच नव्हते, खरंच. उद्या सकाळी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे, जर्नल अर्धं कोरं आहे आणि मी इथं एका तव्याबद्दल टाईप करत बसलेय. दोनदा लिहून पुसलंही. पण काल मेसमध्ये एका पोरीनं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला, "बघ ना, वॅफल, पण ग्रेन-फ्री! धान्याचा कणही नाही. घरी करता येतं, फक्त मशीन पाहिजे." मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं, आणि थोड्या वेळानं बघते तर हसू थांबलेलं आणि पाणी चालूच.

कारण बिनधान्याचं वॅफल आमच्या शिरड शहापुरात १९४४ च्या शिवरातीला झालंय. मशीन नव्हतं. करणारी बाई अजून आहे. शालूबाई, आमच्या घरापासून तिसरं घर. सगळं गाव तिला शालूमाय म्हणतं.

शालूमाय तेव्हा सतरा वर्षांची, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. माहेर पुसेगाव, हिंगोलीच्या पलीकडचं. बैलगाडीनं दीड दिवसाची वाट. आणि या दोन वर्षांत ती एकदाही माहेरी गेली नव्हती! पहिल्या वर्षी सुगी निघाली म्हणून राहिलं, मग सासरे पडले म्हणून राहिलं, मग म्हैस व्याली म्हणून राहिलं. "म्हशीपायी राहिले मी, म्हशीपायी!" असं ती अजून बोळक्या तोंडाचे ओठ आवळून म्हणते. म्हैस जाऊन किती वर्षं झाली असतील, पण राग ताजा.

त्यातच तिच्या आईला उशिरानं एक पोरगी झाली होती. नीला. ती पालथी पडायला लागली, रांगायला लागली, चालायला लागली, आणि मोठ्या बहिणीनं तिचं तोंडही बघितलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याकडून निरोप कळायचा, "आता तिला चार दात आले." शालूमाय चुलीपुढं बसून ते चार दात डोळ्यांपुढं आणायची.

शेवटी सासू, म्हणजे द्वारकाबाई, म्हणाली, "शिवरातीला माझा दादा येऊन राहिलाय आखाडा बाळापूरहून. त्याचा फराळ तू एकटीनं करायचा. त्यानं नाव ठेवलं न्हाई, की दुसऱ्या दिवशी तात्या गाडी जुंपील न् तुला पुसेगावला सोडील."

तात्या म्हणजे तातेराव, शालूमायचा नवरा. आईपुढं त्याचा आवाज निघत नसे, त्यामुळं या गोष्टीत तो फक्त गाडी हाकतो.

दादा म्हणजे उत्तमराव. साठीचा माणूस, मोठं पोट, मोठा लाल फेटा. कुठंही जेवला की पहिल्या घासाला काहीतरी खोट काढायची, हा त्याचा नेम. आणि उपास तर इतका कडक की शिवरातीला धान्याची पिशवी उघडी दिसली तरी तोंड फिरवायचा.

थांबा, तव्याचं राहिलंच की. द्वारकाबाईच्या घरात दोन तवे होते. एक रोजचा, ज्वारीच्या भाकरीचा. दुसरा उपासाचा, मातीचा, फडक्यात बांधून फळीवर ठेवलेला. त्याला जन्मात धान्य लागलेलं नव्हतं. भाकरीच्या तव्यावर उपासाचं थालीपीठ टाकलं तर ते थालीपीठ राहतच नाही, ती भाकरच होते, असं द्वारकाबाईचं म्हणणं.

तर शिवरातीला पहाटे द्वारकाबाई, उत्तमराव आणि तातेराव गाडीनं औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेले. दुपारनंतर येणार होते. शालूमायनं न्हाऊन चूल सारवली, फळीवरून फडकं काढलं, गाठ सोडली, आणि तवा पडला. दोन तुकडे झाले असते तर तिनं जोडून तरी बघितले असते. सात झाले.

तिनं ते तुकडे पदरात गोळा केले, उकिरड्यावर नेऊन राखेत पुरले, आणि मागच्या भिंतीपाशी बसून रडायला लागली. तव्यासाठी नाही हो. नीलाच्या दातांसाठी.

भिंतीपलीकडं गौसिया राहायची. तिच्याच वयाची, जुनंपुराणं लोखंड विकणाऱ्या हैदरची बायको. भिंतीवरून डोकं वर आलं.

"अगे शालू, कायकू रोती? कौन मरा?"

"तवा."

"तवा मरा? तो मेरा ले."

"तुझ्या तव्यावर रोट्या झाल्यात ना!"

"हौ, तवे पे रोटीच होती, और क्या होता?"

शालूमायनं उपासाचं सगळं समजावलं. गौसियानं डोळे मिटून विचार केला आणि कोंबड्यांच्या खुराड्याकडं गेली. खुराड्याच्या झाकणावर एक वजनदार वस्तू ठेवलेली होती, मांजर येऊ नये म्हणून. हैदरनं हिंगोलीच्या बाजारातून आणलेल्या भंगारात ती आली होती. दोन चौकोनी लोखंडी पाट्या, एकमेकींवर मिटणाऱ्या, आत सगळ्या चौकटीच चौकटी, आणि धरायला दोन लांब दांड्या. कुणालाच कळेना काय आहे ते. हैदर म्हणायचा, साहेब लोक यात कागद दाबत असतील. गौसियाचं म्हणणं, इतका जड कागद कोण लिहितं?

"याच्यात कधी काही शिजलंय का?" शालूमायनं विचारलं.

"मेरे घर में? खुदा कसम, एक दाना भी न्हाई. कोंबडी बैठी थी ऊपर, पकी न्हाई."

आता दुसऱ्याच्या घरचं लोखंड चालेल का, ही भीती शालूमायला नव्हती. द्वारकाबाईचाच नियम होता, लोखंड चुलीच्या इस्तवात लाल झालं की ते कुणाच्याच घरचं राहत न्हाई. प्रश्न फक्त धान्याचा होता, आणि धान्याची तर शपथच मिळाली होती.

तिनं तो दोन दांड्यांचा चिमटा राखेनं घासला, चुलीत लाल होईपर्यंत तापवला, निवू दिला. पितळी परातीत राजगिऱ्याचं पीठ घेतलं, त्यात शिंगाड्याचं मूठभर, उकडून कुस्करलेलं रताळं, दाण्याचा कूट, मिरची, जिरं, मीठ, दही. थालीपिठासारखं घट्ट मळलं आणि गोळा दोन पाट्यांच्या मधी ठेवून दाबला. पाट्या मिटेनात. बळंच मिटवल्या. मग उघडेनात.

भिंतीपाशी जाऊन एक दांडी शालूमायनं धरली, दुसरी भिंतीवरून गौसियानं. "खींच!" "तू वढ!" दोघींनी अशी ओढली की पाट्या फाडकन उघडल्या, अर्धं थालीपीठ खालच्या पाटीला, अर्धं वरच्या, आणि गौसिया मागं कोंबड्यांत.

दुसऱ्या वेळी पीठ दह्यानं सैल केलं, पण तूप कमी पडलं. कोळसा झाला. तिसऱ्याला शालूमायनं जीव मोठा केला आणि दोन्ही पाट्यांच्या एकूण एक चौकटीत पळीनं तूप सोडलं. पाट्या आधी चांगल्या तापवल्या, मग सैल पीठ ओतलं, मिटवलं, निखाऱ्यावर एक बाजू, उलटून दुसरी बाजू. वाफ निघायची थांबेपर्यंत उघडायचं नाही. हे ती आजही बोट वर करून सांगते, "वाफ बोलती तवर त्याला बोलू द्यावं." मग उघडलं. आपोआप सुटलं. लालसर, वरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि सगळीकडं चौकटी!

गौसिया भिंतीवरून म्हणाली, "अगे माँ, ये तो खिडकी बनी."

दुपार कलल्यावर गाडी आली. पाट मांडले. शालूमायनं ताटात ती खिडकी वाढली आणि चौकटींवर तुपाची धार सोडली. प्रत्येक चौकटीत तूप थांबलं. बाजूला दही, गूळ.

द्वारकाबाईनं ताटाकडं बघितलं, मग सुनेकडं. "हे काय गं?"

"उपासाचं थालीपीठ, आत्याबाई. जरा चौकटीचं."

"काहून चौकटीचं?"

शालूमायच्या तोंडातून निघून गेलं, "तूप सांडत न्हाई."

उत्तमरावानं पहिला घास घेतला. शालूमाय म्हणते, माझा जीव त्या घासाबराबर खाली गेला. त्यानं चावलं. खोट काढायला तोंड उघडलं आणि त्यात दुसरा घास घातला. मग तिसरा. एक संपलं, दोन संपली, चौथ्याला म्हातारा डोळे मिटून खात होता. आणि तसंच डोळे मिटून, तोंडभरून म्हणाला,

"वा! अगदी छावणीतल्यासारखं. धर्मसिंग अश्शीच करायचा. फक्त तो मैद्याची करायचा, अंडं फोडून."

द्वारकाबाईचा हात ताटातच थांबला. तातेरावाचा घास ओठापाशी थांबला. शालूमायला तिथंच नीलाचे चारही दात लांब लांब जाताना दिसले.

"मैद्याची?" द्वारकाबाई चुलीपाशी ठेवलेल्या चिमट्याकडं बघत म्हणाली. "याच तव्यात?"

"याच म्हंजे... असाच. म्या लहानपणी हिंगोलीला छावणीत दूध घालत व्हतो ना, तव्हा साहेबाच्या मुदपाकखान्यात हा धर्मसिंग..."

"अश्शीच व्हायची म्हणलास. चव सुदिक अश्शीच?"

"अगदी अश्शी!"

"मंग दादा, तुला चव कशी ठाव?"



उत्तमराव. अंड्याचा वास आला तर अंघोळ करणारा उत्तमराव! त्याचं तोंड फेट्याच्या रंगाचं झालं. "म्हंजे... वासावरून. लांबून वास यायचा."

"लांबून."

"लई लांबून. आन् त्यो तवा येगळाच व्हता, द्वारके. गोल व्हता. आता आठवलं. गोलच व्हता."

"गोल."

"चंद्रावानी. याचा न् त्याचा काय संबंध? हा तर चौकोनी हाय, डोळ्यानं दिसून राहिलाय. याला धान्य लागलेलंच न्हाई, मी सांगतो ना! उपासाला याच्यापरीस शुद्ध तवा अख्ख्या तालुक्यात न्हाई."

द्वारकाबाईनं भावाचं रिकामं ताट बघितलं. मग म्हणाली, "शाले, मामाला अजून एक वाढ. लई लांबून वास घेतलाय त्यानं."

त्यानं सात खाल्ली. नाव ठेवलं नाही. ठेवणार कोणत्या तोंडानं?

संध्याकाळी शालूमाय भांडी घासत होती. द्वारकाबाई मागं येऊन उभी राहिली.

"सात तुकडे, व्हय ना? उकिरड्यावर राखेतून कोपरा वर आलाय, उकरून मोजले मी. नीट पुरायला तरी शिक."

शालूमाय हातातला तांब्या ठेवून उठून उभी राहिली.

"सकाळी गाडी जुंपायला सांगितलंय," द्वारकाबाई म्हणाली. "ह्यो चिमटा गौसियाला ईचारून घेऊन जा. मैद्याचा तवा माझ्या घरात ऱ्हाणार न्हाई. तुझ्या माहेरी ठेवून ये."

गौसिया म्हणाली, ने बाई, मांजरीला मी बघते. शालूमाय दीड दिवस चिमटा मांडीवर घेऊन पुसेगावला गेली. नीला आधी रडली, अनोळखी बाई बघून. मग चिमट्याची दांडी चावायला लागली. चार नाही, सहा दात होते.

आणि पुढच्या शिवरातीच्या पंधरा दिवस आधी आखाडा बाळापूरहून उत्तमरावाचा निरोप आला, "थालीपीठ चौकटीचंच पाहिजे." आता चिमटा तर पुसेगावला! आणायला कोण जाणार? शालूच. शिवरात झाल्यावर परत ठेवायला कोण? शालूच, कारण मैद्याचा तवा घरात ऱ्हाणार न्हाई. झाली की नाही वर्षाला दोन माहेरपणं? द्वारकाबाई होती तोवर हा नियम मोडला नाही. मी एकदा शालूमायला विचारलं, सासूनं मुद्दाम केलं असेल का गं? ती म्हणाली, "आमी कधी ईचारलं न्हाई. ईचारलं असतं तर बंद केलं असतं तिनं."

शालूमाय आता सत्त्याण्णवची आहे. चिमटा अजून पुसेगावलाच आहे, नीलाबाईकडं. ती गावातच दिलेली, आता ब्याऐंशीची, सगळे दात गेलेले. मागच्या दोन शिवरातींना शालूमायचे गुडघे उठले नाहीत, त्यामुळं चिमटा आला नाही आणि बहिणी भेटल्या नाहीत. फोनवर दोघी एकमेकींना फक्त "आं? आं?" म्हणतात.

म्हणून प्रॅक्टिकल गेलं उडत. मला गाडी चालवता येत नाही, तुमच्यातल्या कुणाला तरी येत असेल. पुसेगावला जा, नीलाबाईंना भेटा, लवकर भेटा, या शिवरातीच्या आतच. चिमटा घ्या आणि शिरड शहापूरला या, शालूमाय पीठ भिजवून ठेवील. फक्त चिमटा एकटा आणू नका. पुढच्या सीटवर नीलाबाईंना बसवा आणि तो त्यांच्या मांडीवर द्या.