साहेबांचा गोड रविवार

वाहिनीच्या मालिका विभागाचे साहेब प्रत्येक सभेत एक वाक्य हमखास टाकत, "आम्ही मनोरंजन करत नाही, आम्ही घरं जोडतो." टाळ्या पडत. स्वतःच्या घरी ते वेळेवर जेवायला कधी बसले होते, हे बायकोला विचारलं असतं तर तिने आधी कॅलेंडर मागितलं असतं.

कामाबद्दलही त्यांची मतं पक्की होती. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येत आणि आकड्यांपुढे कुणाचं काही चालत नसे. एखादं पात्र जड झालं की ते परदेशी जाई, कोमात जाई, नाहीतर सरळ वर जाई. पण साहेब मायाळू! काढायच्या पात्राला आधी एक गोडगोड भाग द्यायचा, हा नियम त्यांनीच घातला होता. आवडीचं जेवण, जुने फोटो, पाठीवरून हात, सगळे भोवती गोळा. प्रेक्षक हळहळत आणि पुढच्या आठवड्यात त्या पात्राचं नावही काढत नसत.

आता अडचण घरातच होती. बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले होते, गॅस चालू ठेवून विसरत होते. साहेबांनी बायकोलाही न विचारता वृद्धाश्रमाचा अर्ज भरून टाकला होता. फक्त बाबांना सांगायचं उरलं होतं, आणि सभा गाजवणाऱ्या माणसाची तिथेच बोबडी वळत होती.

शेवटी एका रविवारी ते चक्क घरी थांबले. बायकोला बाबांच्या आवडीचा स्वयंपाक करायला सांगितला, माळ्यावरचा अल्बम स्वतः काढून पुसला, आणि जेवताना बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. बायको बिचारी हरखून गेली.

बाबा मात्र एकदा ताटाकडे, एकदा अल्बमकडे बघत होते. मुलाची एकही मालिका त्यांनी सहा वर्षांत चुकवली नव्हती. मुलाची खबर लागायला तेवढाच मार्ग उरला होता. साहेबांनी पाठीवरून हात फिरवला, तसा त्यांनी चमचा खाली ठेवला.

"कुठे पाठवतोयस मला?"

"बाबा, काहीतरीच काय!"

"अरे, सहा वर्षं बघतोय मी. असा हात फिरला की तो माणूस परत दिसत नाही. कधी जायचंय ते सांग."

"शुक्रवारी," साहेबांच्या तोंडून निघून गेलं. "गुरुवारी आकडे येतात ना."

स्वतःचेच शब्द कानावर पडले आणि साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा कुठेही जाणार नाहीत," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच साहेब घाबरले. ते फोन उचलून उठायला लागले.

"बस रे," बाबांनी साहेबांचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "आलाच आहेस, तर जेवून जा."