केशरी पेल्यांची काडी

टायफॉइडमधून उठले तेव्हा एका दमात शंभर पावलंही चालवत नव्हती. हिंगोलीच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. सुट्टी काढून त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ थोरल्या भावाच्या शेतावर राहायला आले होते. भाद्रपद सरत आला होता. रोज सकाळी ओढ्यापर्यंत जायचं, दगडावर बसायचं, परत यायचं. अशक्तपणात सगळंच जरा लांब गेल्यासारखं वाटतं. पाण्याचा आवाज, सोयाबीनवरचं धुकं, स्वतःचे हातसुद्धा.

अशाच एका सकाळी पायापाशी एक मेलेली काडी दिसली. तिच्यावर मोहरीएवढे केशरी पेले दाटीनं बसलेले, कडेला बारीक पांढरी लव. बुरशी होती, पण अशी मी कधी पाहिली नव्हती. डोक्यावर वाळुंजाच्या फांद्या पाण्याकडं झुकलेल्या, म्हणून काडी वाळुंजाचीच, असं मी धरून चालले. किती वेळ बघत होते कोण जाणे. भाऊ शोधत आला.

"काहून बसून राहिली इथं? चहा थंडा झाला."

मी काडी पुढं केली. तो वाकला, आणि त्याचा श्वास लागताच पेल्यांतून हलकासा धूर उठला.

"अगं, हे तं धूर काढून राहिलं!"

"बीजाणू हायेत ते, दादा. तुझ्या श्वासानं उडाले."

धूर कोवळ्या उन्हात तरंगत विरला. त्यानं पुन्हा फुंकर मारली, काहीच झालं नाही. पन्नाशीचा माणूस, पार हिरमुसला.

काडीचे फोटो मी बुरशीच्या एका जाणकार बाईंना पाठवले. वाळुंजावर अशी बुरशी त्यांनीही पाहिली नव्हती. "जपून ठेवा," त्या म्हणाल्या. दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी भावानं सहज काडीची साल नखानं खरवडली आणि हुंगली.

"ही वाळुंज न्हाई. करंज हाय."

"कशावरून?"

"कडवट वास येऊन राहिला बघ. वरून वाहत आली असंल."

मला रागच आला. पण हुंगलं, तर त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या सकाळी त्याचा हात धरून मी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेले. वाटेत चारदा बसले. तिथं एका जुन्या करंजाखाली ओल्या पाचोळ्यात तसल्याच काड्या पडलेल्या, सगळ्या केशरी. परतताना वाळुंजांखाली शोधलं, एकही नव्हती.

बाईंना फोन करून चूक सांगितली. त्या हसल्या. "बुरशी कुठल्या झाडावरची, यावरूनच शोध सुरू होतो. आता मला अंदाजही करता येणार नाही. पहिल्यापासून बघावं लागेल."

ते बघणं अजून चालू आहे. नमुन्याच्या चिठ्ठीवर बुरशीच्या नावाची जागा कोरी आहे. झाड कोणी ओळखलं, तिथं मी भावाचं नाव लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं.

"माझं कशाला लिवलं?" तो म्हणाला. "करंज तं कुणीबी वळखंल."